शिट्टी कुणाची?

"रेफ्री विकला गेलाय" हे वाक्य आपल्याकडं मॅच संपल्यावर कमी नि मॅच सुरू व्हायच्या आधी जास्त ऐकू येतं. हरलो तर कारण हाताशी पाहिजे. जिंकलो तर छाती आणखी दोन इंच फुगवता येते, की बघा, विकलेल्या रेफ्रीलासुद्धा पुरून उरलो. आळशी वाक्य आहे. पण दोस्तहो, ज्यांचे निवाडे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच केले, त्यांनी ते नुसतं हसून सोडून द्यावं असंही नाही. त्यात खरं किती नि आळस किती, हे एकदा तांदळातले खडे निवडावेत तसं निवडून बघू.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. गाव निमगाव केतकी, तालुका इंदापूर. बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं. पानमळ्यांचं गाव, तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचं गाव, नि माझ्या आत्याचं गाव. शहरातल्या वाचकाला वाटेल, इथं कुठला आलाय फुटबॉल? येतो बाबा. त्या वर्षी कतारचा वर्ल्ड कप जिओसिनेमावर फुकट दिसत होता, नि मोबाइल शिवाशिव पाळत नाही. शेतीपंपाची लाइट रात्रीची, त्यामुळं मळ्यात दारं धरायला गेलेली पोरं एका हातात खोरं नि दुसऱ्या हातात मोबाइल धरून मेसी बघत होती. थंडीत, चिखलात, अनवाणी. पुण्यातल्या हॉटेलात बियरचा ग्लास हातात धरून ओरडणाऱ्यांपेक्षा मला या प्रेक्षकाचं अप्रूप जास्त.

१४ डिसेंबरची सेमीफायनल. फ्रान्स विरुद्ध मोरोक्को. आपल्या घड्याळात मध्यरात्रीचे साडेबारा. त्याआधी दहा-बारा जण एका खोलीत जमलो नि दोन तास घसा फोडला. वाद एम्बापेवर नव्हता, हकिमीवर नव्हता. वाद एका मेक्सिकन माणसावर होता. सेझार रामोस. रेफ्री.

बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जाणारा एक जण म्हणाला, "मेक्सिको तिसरा देश. ना घेणं ना देणं. मिटला विषय."

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला लगेच उसळला. "कसा मिटला? १९१२ ते १९५६ फ्रान्स मोरोक्कोच्या छातीवर बसला होता. मालक नि सालगडी यांची मॅच आहे ही. त्यात तिसरा म्हणून कोण असतो का?"

"मग काय मोरोक्कोचाच रेफ्री आणायचा का?" असं एक जण म्हणाला नि सगळे हसले.

कोपऱ्यात एक म्हातारे पैलवान बसले होते. फुटबॉलमधलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पोरं जागी म्हणून तेही जागे. ते म्हणाले, "पंच कुठला हाय ते मागनं इचारा. पंचाला दुपारी जेवायला कुणी घातलं, ते आधी इचारा."

त्या रात्रीत ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं. त्याच्याकडं येतोच. आधी मॅच सांगून टाकतो. फ्रान्स २, मोरोक्को ०. पाचव्या मिनिटाला पहिला गोल, ७९ व्या मिनिटाला दुसरा. मधल्या वेळात फ्रान्सच्या गोलसमोर मोरोक्कोचा बूफाल पडला. पेनल्टी मिळायची राहिली बाजूला, उलट त्यालाच पिवळं कार्ड. माझ्या डोळ्यांना पेनल्टी दिसली. पण माझे डोळे मोरोक्कोच्या बाजूचे होते, म्हणून त्यांची साक्ष मी काढत नाही. मोरोक्कोच्या फुटबॉल महासंघानं दुसऱ्याच दिवशी फिफाकडं निषेध नोंदवला, की दोन पेनल्ट्या नाकारल्या नि व्हिडिओवाले गप्प बसले. निकाल जिथल्या तिथं राहिला.

"मोरोक्कोचाच रेफ्री आणायचा का" यावर जे हसले, त्यांच्यासाठी एक गोष्ट. फ्रान्सच्या मॅचला मोरोक्कोचा रेफ्री होऊन गेलाय. तोही वर्ल्ड कपच्या फायनलला. १२ जुलै १९९८, पॅरिसच्या वेशीवरचं सां-दनीचं स्टेडियम, फ्रान्स विरुद्ध ब्राझील. शिट्टी सईद बेलकोलाच्या हातात. वर्ल्ड कप फायनलला शिट्टी फुंकणारा पहिला आफ्रिकन. त्यानं फ्रान्सच्याच घरात, फ्रान्सच्याच प्रेक्षकांपुढं, फ्रान्सच्या मार्सेल देसायीला दुसरं पिवळं दाखवून बाहेर काढलं. (हा देसायी आपल्याकडचा वतनदार देसाई नव्हे. त्याचा जन्म घानातल्या आक्राचा.) तरी फ्रान्स ३-० नं जिंकलं. ज्यांच्या देशावर फ्रान्सनं राज्य केलं त्यांतला माणूस, म्हणून तो सूड घेईल, असं कुणाच्या बापाला सिद्ध करता आलं नाही. बेलकोला २००२ मध्ये गेला. वय पंचेचाळीस.

म्हणजे माणूस कुठला, एवढ्यावरून निकाल कसा लागेल हे कळत नाही. हे एमआयडीसीवाल्या दोस्तालाही कळावं नि इंजिनिअरलाही.

मग रेफ्री तिसऱ्या देशाचा असावा असा दंडक कशासाठी? कारण तो रेफ्रीच्या चारित्र्यावरचा संशय नाहीच. तो नियम आहे. क्रिकेटमध्ये १९८६ पर्यंत यजमान देशाचेच अंपायर उभे राहायचे. पाकिस्तानात जाऊन हरलेला अंपायरला शिव्या घालायचा, भारतात येऊन हरलेला भारताच्या अंपायरला. इम्रान खानचं म्हणणं, आम्ही जिंकतो त्याचं श्रेय अंपायर खातो, तर बाहेरचे आणा. नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीला दोन्ही अंपायर भारतातून गेले. एक व्ही. के. रामस्वामी, नि दुसरा आपल्या मुंबईचा पिलू रिपोर्टर. भारताचा माणूस पाकिस्तानच्या मॅचला न्याय करायला! आज टीव्हीवाल्यांनी काय गोंधळ घातला असता. १९९४ पासून कसोटीला एक अंपायर बाहेरचा झाला, २००२ पासून दोन्ही. तेव्हा "आमच्या अंपायरचा अपमान झाला" म्हणून कुणी उपोषणाला बसलं नाही. आपल्याकडं मात्र मुलाखतीच्या पॅनेलवर कोण कोण बसलंय एवढं विचारलं की समोरच्याची जात दुखावते.

इथपर्यंत पुष्कळ लोक आपल्याबरोबर येतात. पंच तिऱ्हाईत असावा, मान्य. आता पैलवानांचा प्रश्न. पंचाला जेवायला कुणी घातलं?

१९६६ चा वर्ल्ड कप. इंग्लंडमध्ये. २३ जुलैला एकाच दिवशी दोन क्वार्टर फायनल. वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना, रेफ्री जर्मनीचा रुडॉल्फ क्राइटलाइन. शेफिल्डला पश्चिम जर्मनी विरुद्ध उरुग्वे, रेफ्री इंग्लंडचा जिम फिनी. आता नियमाच्या कागदावर बोट ठेवा. इंग्लंडच्या मॅचला इंग्लंडचा रेफ्री नाही. जर्मनीच्या मॅचला जर्मन नाही. दोन्हीकडं तिऱ्हाईत. कायदा शंभर टक्के पाळलेला. नि मैदानावर काय झालं? क्राइटलाइननं अर्जेंटिनाचा कॅप्टन रातीन ३५ व्या मिनिटाला बाहेर काढला. फिनीनं उरुग्वेचे दोन जण काढले. इंग्लंड १-० नं पुढं, जर्मनी ४-० नं पुढं, नि शेवटी फायनल कुणाची? इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. तू माझं बघ, मी तुझं बघतो, असं ठरलं होतं का? त्याचा पुरावा नाही, म्हणून मी तसं म्हणणार नाही. क्राइटलाइन इमानदार असेल, फिनीही असेल. पण या दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या ज्या टेबलावर लिहिल्या गेल्या, त्या टेबलाभोवती कोण बसलं होतं, हा प्रश्न दक्षिण अमेरिकेनं तेव्हापासून सोडलेला नाही, नि तो सोडू नये असाच आहे. (रातीनला जर्मन येईना, रेफ्रीला स्पॅनिश येईना. तो मैदान सोडायलाच तयार नव्हता. त्या गोंधळातून पुढं लाल-पिवळ्या कार्डाची कल्पना निघाली. १९७० च्या वर्ल्ड कपला कार्डं आली.)

त्या टेबलाच्या डोक्याशी तेव्हा एक सद्‌गृहस्थ होते. सर स्टॅन्ली राउस. इंग्लंडचे. पेशानं मास्तर, नि स्वतः नावाजलेले रेफ्री. १९३४ ची एफए कपची फायनल त्यांनी चालवली, १९३८ मध्ये फुटबॉलचे नियम नव्यानं नीट लिहून काढले. आजही ते नियम वाचायला सोपे आहेत, त्यात या माणसाच्या कलमाचा वाटा आहे. १९६१ ते १९७४ फिफाचे अध्यक्ष. म्हणजे जगातला पहिल्या नंबरचा पंच. आता या पंचानं काय केलं ते बघा. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाचं राज्य. गोऱ्यांची वेगळी टीम, काळ्यांना त्यात जागा नाही. १९६१ मध्ये फिफानं त्या गोऱ्या संघटनेला निलंबित केलं. १९६३ मध्ये राउससाहेब स्वतः जाऊन पाहणी करून आले नि निलंबन उठलं. खेळात राजकारण आणू नये, हे त्यांचं तत्त्व. त्या गोऱ्या संघटनेची एक तोड तर सोन्याच्या ताटात ठेवावी अशी होती: १९६६ ला सगळी गोरी टीम पाठवतो, १९७० ला सगळी काळी. वेगळा पेला, वेगळा वर्ल्ड कप. आपल्याला हा पेला ओळखायला भिंग लागत नाही. १९६४ मध्ये टोकियोच्या अधिवेशनात आफ्रिकेनं नि इतरांनी मतं घालून पुन्हा निलंबन करायला लावलं. १९७६ मध्ये ती संघटना कायमची हाकलली गेली.

त्याच १९६६ च्या स्पर्धेत जागा वाटल्या कशा? सोळा टीम. युरोपच्या दहा, दक्षिण अमेरिकेच्या चार, एक मेक्सिको. राहिली एक. ती आफ्रिका, आशिया नि ओशियानिया या तिन्हींत मिळून एक! आफ्रिकेत पहिला येणाऱ्यानं आशियाकडच्या विजेत्याशी आणखी एकदा झगडायचं, मग इंग्लंडला यायचं. घानाच्या पुढाकारानं आफ्रिकेच्या देशांनी बहिष्कार टाकला. सगळ्यांनी. खेळायची भूक असून, टीम तयार असून. राहिलेली जागा उत्तर कोरियाला गेली नि त्यांनी इटलीला हरवून दाखवलं, ही त्यातली गंमत. पण बहिष्कार वाया गेला नाही. १९७० च्या वर्ल्ड कपपासून आफ्रिकेची एक हक्काची जागा झाली. नि १९७० ला त्या जागेवर पहिल्यांदा कोण खेळलं? मोरोक्को.

१९७४ मध्ये आफ्रिकेची मतं राउसच्या विरोधात गेली, ते पडले नि ब्राझीलचे आव्हेलांज आले. आव्हेलांज काही संत नव्हते, त्यांच्या काळातल्या लाचेची प्रकरणं पुढं बाहेर आली. पण मतपेटीतून पंचांचा पंच बदलता येतो, एवढं त्या दिवशी दिसलं.

आता पुन्हा २०२२ वर या. कतारला ३६ रेफ्री होते. आफ्रिकेचे सहा. भारताचा एकही नाही. बाद फेरीच्या सोळा मॅचेस झाल्या. त्या सोळांत एकाही मॅचला मधली शिट्टी आफ्रिकन माणसाच्या हातात नव्हती. यादी काढून बघा. १९९८ मध्ये बेलकोलाला फायनल देणारं फुटबॉल चोवीस वर्षांनी आफ्रिकेच्या माणसाला प्री-क्वार्टरसुद्धा देत नाही, नि तेही ज्या वर्षी आफ्रिकेचा देश पहिल्यांदा सेमीफायनलला पोचला त्याच वर्षी. तक्रार मात्र श्रीमंत घरचे आधी करतात. मोरोक्कोनं पोर्तुगालला १-० नं हरवलं तेव्हा पोर्तुगालचे पेपे नि ब्रुनो फर्नांडिस ओरडले, की अर्जेंटिनाचा रेफ्री आम्हाला दिलाच कसा, अर्जेंटिना अजून स्पर्धेत असताना? प्रश्न रास्त आहे. मी तो नाकारत नाही. फक्त हाच प्रश्न काळ्या-सावळ्या तोंडातून आला की त्याचं नाव रडगाणं होतं.

आता आपल्या आखाड्यात या. आपल्या बाजूच्या जत्रांतून कुस्त्यांचा फड असतो. हलगी आपल्या माणसाच्या हातात. लंगोट लावून उतरणाराही कधी आपला. पण फेटा बांधून आखाड्यात पंच म्हणून उभा राहिलेला आपला माणूस माझ्या आज्यानं पाहिला नाही, बापानं पाहिला नाही. आज्या सांगायचा, एका गावच्या जत्रेत आपल्या वस्तीचा गडी वर बसला, खालच्याची पाठ लागायची तेवढी राहिली, नि पंचांनी मधे पडून कुस्ती बरोबरीत सोडवली. लावा हात नि घ्या निम्मा इनाम. पंचांचं दुपारचं जेवण ज्या वाड्यात झालं होतं, खालचा गडी त्याच वाड्याचा. निमगावच्या त्या म्हाताऱ्या पैलवानांचं वाक्य मला म्हणून चटकन कळलं.

आज गादी आली, गुण आले, पडद्यावर रिप्ले आला. तरी काय? जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात सिकंदर शेख, मोहोळच्या हमालाचा पोरगा, महेंद्र गायकवाडकडून हरला. बाहेरच्या टांगेला चार गुण दिले ते बरोबर की चूक, यावर महाराष्ट्र आठवडाभर भांडला. पंचाला धमकीचा फोन गेल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेनं निकाल न पटून पंचाला लाथच घातली. फायनलमध्ये महेंद्र गायकवाड आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी.

लाथ घालणं वाईटच. पण त्याहून मला जास्त लागतं ते हे, की लाथ चुकीच्या माणसाला बसली. पंच म्हणजे दिवसाच्या मानधनावर आलेला माणूस. त्याला नेमणारे, रिप्ले बघायचा की नाही हे ठरवणारे, अपिलाचा नियम करणारे खुर्च्यांवर बसलेले होते. त्यांच्या कपड्याला माती लागली नाही. या खुर्च्यांचं भांडण कुठवर गेलंय ते ऐका: नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला एका गटाचा, सिकंदर शेख. धाराशिवला दुसऱ्या गटाचा, शिवराज राक्षे. दोन संघटना, दोन गदा, नि पोरांनी तालमीत घाम एकच गाळलेला.

काही जण म्हणतील, मशीन आणा, माणसाचा प्रश्नच मिटेल. ११ जून २०२४. दोहा. वर्ल्ड कप पात्रतेची मॅच, भारत विरुद्ध कतार. आपल्या छांगटेनं गोल केला, आपण १-० नं पुढं. जिंकलो तर पुढच्या फेरीचं दार उघडं. ७३ व्या मिनिटाला बॉल गोलच्या रेषेबाहेर गेला, सगळ्या जगाला दिसला, कतारच्या गड्यानं तो आत ओढला नि दुसऱ्यानं गोल मारला. कोरियन रेफ्रीनं गोल दिला. आपण २-१ नं हरलो. त्या मॅचला व्हिडिओ रेफ्री नव्हताच. मशीन होतं जगात, त्या फेरीला लावलेलं नव्हतं. कुठल्या मॅचला मशीन लावायचं नि कुठल्या मॅचला नाही, हेही कुणीतरी टेबलाभोवती बसूनच ठरवतं. आपल्या महासंघानं तक्रार केली. निकाल बदलला नाही.

हे सगळं दुसऱ्यांचं झालं. आता आपलं उष्टं काढू. जयंतीच्या महिन्यात आपल्या वस्त्यावस्त्यांतून कप होतात. कबड्डी, क्रिकेट, आता शहरात कुठंकुठं फुटबॉलही. भरवणारं मंडळ आपलं. पंच मंडळाचा खजिनदार. फायनलला टीम मंडळाचीच. नि कप कुठं जातो? मंडळाच्याच कपाटात, गेल्या वर्षीच्या कपाशेजारी. पलीकडच्या आळीची पोरं शिव्या देत घरी जातात नि पुढच्या वर्षी त्यांचा वेगळा कप, वेगळं मंडळ, वेगळा झेंडा. फूट पडली म्हणून आपण मोठमोठे ठराव करतो. तिची एक मुळी या पंचाच्या खुर्चीखाली सापडते, हे कुणी उकरून बघत नाही.

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या चार मंडळांच्या पोरांपुढं मी एवढंच मांडलं: पंच बाहेरच्या तालुक्यातले आणा. त्यांची नावं मंडळानं काढायची नाहीत, उतरलेल्या सगळ्या टीमच्या कॅप्टननी मिळून सगळ्यांदेखत चिठ्ठीनं काढायची. नावं आदल्या दिवशी फळ्यावर लिहायची, कोण, कुठला, कुणी सुचवला. निकालावर हरकत असेल तर ती कुणापुढं न्यायची, त्या तिघांची नावं मॅचच्या आधी ठरवायची, त्यात एक तरी पोरगी हवी. नि पंचांचं जेवण कुणाच्या घरी नाही. सगळ्या टीम जिथं पंगतीला बसतील तिथंच, त्याच भांड्यातलं.

तीन मंडळं हो म्हणाली. चौथ्याच्या अध्यक्षानं हिशेब मांडला, बाहेरच्या पंचांचं मानधन, येण्याजाण्याचं भाडं, एवढे पैसे आणायचे कुठून?

त्याच्या मिरवणुकीला डीजेचे सोळा बॉक्स असतात. मी म्हणालो, चौदा लाव.